जाण्याचे कारण

आम्ही दोघे बुलडाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयाच्या मराठी विभागात शिकवतो. विभाग म्हणजे दोन टेबले, एक कपाट आणि व्हरांड्यात उघडणारी एक खिडकी. गेल्या पावसाळ्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी तेथे आली. बारावीपर्यंत ती आमच्याकडे होती, पुढे तिने परिचारिकेचा अभ्यासक्रम पुरा केला आणि आता एका खाजगी रुग्णालयात महिना अकरा हजारांवर रात्रपाळ्या करते. घरी अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. भाऊ चाकणला कंपनीत. जर्मनीतील रुग्णालयात परिचारिका म्हणून जाण्यासाठी ती गेले वर्षभर जर्मन शिकत होती. अर्जासोबत स्वतःविषयीचे एक पत्र द्यावे लागते; त्याचा मराठी मसुदा तपासून घ्यावा म्हणून ती आली होती. मसुदा टेबलावर ठेवून तिने भलताच प्रश्न विचारला, "सर, मॅडम, जाऊ का नको?"

आम्ही दिलेले उत्तर येथे नोंदवायला संकोच वाटतो. आमच्यापैकी एकाने म्हटले, "तुझे मन काय सांगते ते ऐक." दुसरीने म्हटले, "आईवडिलांचा विचार कर." दोन्ही वाक्ये ऐकायला बरी आणि कामाला शून्य. मुलगी मान हलवून गेली. मसुदा मात्र आमच्याकडे राहिला आणि तो वाचताना आमची खरी अडचण आमच्या ध्यानात आली. पहिलेच वाक्य असे होते की, परदेशी जाऊन मानवसेवा करण्याचे आपले बालपणापासूनचे स्वप्न आहे. हे वाक्य तिचे नव्हते. ते कुठल्या तरी नमुना-पत्रातून आले होते. आणि थोडे प्रामाणिकपणे बोलायचे तर, काही अंशी आमच्या निबंधाच्या तासातूनही आले होते.

मराठीच्या मास्तराजवळ या विषयावर द्यायला काय असते? एक, परदेशगमनाचा गौरव: सातासमुद्रापार झेंडा रोवणारा मराठी माणूस. दोन, परदेशगमनाची अपराधी भावना: ओस पडलेला वाडा, ओसरीवर वाट पाहणारी म्हातारी, डॉलर्सच्या मागे धावणारा मुलगा. आम्ही स्वतः पूर्वपरीक्षेत 'बुद्धिमंतांचे स्थलांतर: शाप की वरदान' असा विषय घातलेला आहे. दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्यास गुण अधिक. त्या निबंधांत कधीही पगाराचा आकडा नसे, कर्जाचा नसे, रात्रपाळीचा नसे. जाण्याचा प्रश्न आम्ही शीलाची परीक्षा करून टाकला होता आणि त्यातला व्यवहार वगळला होता.

राहण्याच्या बाजूने आमच्या भागात हमखास दिला जाणारा दाखला ना. घ. देशपांडे यांचा. मेहकरात वकिली केली, तेथे राहूनच त्यांची 'शीळ' महाराष्ट्रभर गेली आणि १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कारही 'खूणगाठी'साठी मेहकरातच चालत आला. हा दाखला आम्हीही अभिमानाने देत आलो आहोत. पण त्यातला एक शब्द आम्ही नेहमी घाईने उच्चारतो, तो म्हणजे वकिली. त्यांच्या काळात तालुक्याच्या कोर्टात शिकलेल्या माणसाला पोट भरता येत होते, म्हणून गावात राहून कविता करता आली. ज्या मुलीच्या हाती परिचर्येची पदविका आहे आणि जिच्या तालुक्यात त्या पदविकेचे मोल अकरा हजार आहे, तिला हा दाखला देणे म्हणजे तिची थट्टाच. मातीवरचे प्रेम आणि मातीत टिकण्याची सोय या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी नसताना पहिलीचा आग्रह धरणारे बहुधा आमच्यासारखे पगारी लोक असतात.

ज्या मराठी स्त्रीने या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नीट दिले, तिच्याकडे आम्ही उशिराच वळलो. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयात (आपले नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले) आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेस का जाते यावर इंग्रजीत जाहीर भाषण केले. वय अठराच्या आत. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत आनंदीबाई येतात त्या धैर्याची मूर्ती म्हणून. भाषण मात्र मूर्तीसारखे मुळीच नाही, ते हिशेबी आहे. लोक आपल्याला कोणते प्रश्न विचारतात ते त्यांनी वेगवेगळे केले. अमेरिकेसच का? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? एकटीच का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? काही अरिष्ट कोसळले तर? इतर कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस? एकेका प्रश्नाला एकेक उत्तर. येथील सोयींची उणीव कशी ते सांगितले, जशी जाते तशीच परत येईन असे सांगितले, संकटाच्या शक्यतेला नाकारले नाही. एप्रिलमध्ये त्या निघाल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली आणि ती सांभाळण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. अरिष्टाचा प्रश्न विचारणारे लोक अगदीच मूर्ख नव्हते, हेही येथे मान्य केले पाहिजे. पण अरिष्ट संभवते म्हणून बाकीच्या प्रश्नांची उत्तरे खोटी ठरत नाहीत.

तेव्हा आम्ही त्या मुलीला पुन्हा बोलावले आणि प्रश्न सुटे करायला बसलो. दोन शनिवार गेले.

पहिला प्रश्न, नेत कोण आहे? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, प्रारंभी दहा हजारांची भाषा झाली, परिचारिकांपासून गवंडी, सुतार, वाहनचालकांपर्यंत यादी निघाली आणि काम शालेय शिक्षण खात्याकडे आले. तेव्हापासून जिल्ह्यात 'जर्मनी' हा शब्द एस.टी.च्या थांब्यांवरही ऐकू येऊ लागला. शासनाने मनावर घेतले याचे आम्हास समाधान आहे. पण केरळात परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते १९९६ पासून आहे, आणि तेथील परिचारिकांना जर्मन सरकारी यंत्रणांमार्फत नेण्याचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला. पिढ्यान्‌पिढ्या बाहेर जाणाऱ्या समाजाने उभारलेले खाते आणि घोषणेतून निघालेली योजना यांत फरक राहणारच. शब्द जेवढा लवकर गावात पोहोचतो तेवढ्या लवकर त्यामागची व्यवस्था पोहोचत नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत दलाल दुकान थाटतो.

दलालाबद्दल आम्ही थोडे तापट आहोत. आमचा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी आखाती देशात गेला. कागदावर गोदामपाल, प्रत्यक्षात सफाई. सव्वा लाख रुपये दिले होते, त्यातले ऐंशी हजार व्याजाने. चौदा महिन्यांनी परत आला आणि व्याज अजून फेडतो आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो. उमेदवाराकडून घ्यायच्या शुल्काची मर्यादा तीस हजार रुपये अधिक जीएसटी अशी आहे. परवानाधारकांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. यातले काहीही आम्हा पदव्युत्तरांना तेव्हा ठाऊक नव्हते. आणखी एक गोष्ट कळली तेव्हा आम्ही गप्पच झालो. दहावी न झालेला माणूस ठरावीक अठरा देशांत कामासाठी निघाला तर त्याला सरकारी मंजुरी घ्यावी लागते, म्हणजे निदान एकदा त्याचे कागद कोणी तरी पाहते. दहावी झालेल्याला ती लागत नाही; तो शहाणा समजला जातो. आमचा विद्यार्थी बी. ए. होता. आम्ही दिलेल्या शिक्षणाने त्याला त्या एका टेबलापासूनही सोडवले.

मुलीचे कागद बरे निघाले. पैसे कोणी मागितलेले नाहीत, करारपत्र दोन भाषांत आहे. परंतु तिलाही एक बाब कोणी स्पष्ट सांगितली नव्हती. तिकडे पूर्ण परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते आणि येथील शिक्षणात उणीव काढली गेल्यास पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यावी लागते. तोवर ती साहाय्यक म्हणून काम करणार, पगारही त्या मानाने कमी. हा काळ किती महिने, तो पगार किती, त्यातून घरभाडे किती, हे सगळे तिने वहीत लिहिले. जाहिरातीतला आकडा आणि वहीतला आकडा यांत बरेच अंतर पडले. तरीही वहीतला आकडा अकरा हजारांच्या कितीतरी पुढे होता.

दुसरा प्रश्न आईचा. तो आम्ही विचारला नाही, आईच एका शनिवारी मुलीबरोबर आली. आम्ही जरा जड आवाजात म्हटले, "काकू, एवढ्या लांब..." त्या म्हणाल्या, "पुण्याले पोरगा गेला तवा कोणी नाही इचारलं लांब हाये म्हून. तो तरी कुठी येते? दिवाळीले दोन दिस. पोरीचंच काहून इचारता?" यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या जिल्ह्यातून माणसे ऊसतोडीला जातात, वीटभट्टीवर जातात, पुण्यामुंबईस जातात, आणि त्या जाण्यावर कोणी परिसंवाद घेत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्यात पुण्याकडे निघालेली बस पेटून पंचवीस माणसे गेली. नोकरी-शिक्षणासाठी निघालेले विदर्भातले तरुण त्यांत होते. ते देशातच प्रवास करत होते. अंतराची भीती आपण नकाशावर मोजतो, आणि तीही मुलीची अधिक. आईला कोण पाहणार हा प्रश्न खरा आहे, पण तो चाकणच्या भावालाही विचारायचा आहे. वहीत त्याचे नाव लिहिले.

तिसरा प्रश्न परतीचा. येथे आम्हाला श्रीधर व्यंकटेश केतकर आठवले. शिक्षण आमच्या वऱ्हाडातल्या अमरावतीत, १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेले, जातिसंस्थेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, डॉक्टरेट घेतली आणि १९१२ मध्ये परतले. पुढे ज्ञानकोशाचे तेवीस खंड, आणि जन्मभर आर्थिक ओढाताण. परत येणाऱ्याचे स्वागत करायला आपल्याकडे हार असतात, जागा नसते. पण केतकरांच्या घरातली दुसरी गोष्ट आम्हाला या मुलीच्या संदर्भात अधिक मोलाची वाटली. त्यांच्या पत्नी शीलवतीबाई, मूळच्या एडिथ कोह्न, जर्मनभाषक ज्यू. त्या उलट दिशेने आल्या, पुण्यात राहिल्या, पतीच्या कामात राबल्या आणि विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या दोन खंडांचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. 'मीच हे सांगितले पाहिजे' हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव. त्यांना कोणी 'बुद्धिमंतांचे स्थलांतर' म्हणत नाही. परक्या मुलखात, परक्या भाषेत माणसाला उपयोगी आयुष्य काढता येते, हे त्या मुलीने आमच्याकडून प्रथमच ऐकले. जर्मनीहून कोणी पुण्याला आले होते याची तिला विशेष गंमत वाटली.

आता आमच्याबद्दल. आमच्यापैकी एकीला २००९ मध्ये आखाती देशातल्या एका भारतीय शाळेतून बोलावणे आले होते. ती गेली नाही. इतकी वर्षे ती वर्गात सांगत आली की, मराठी सोडून जाणे जिवावर आले. खरे कारण असे की, त्याच सुमारास सेट उत्तीर्ण झाल्यामुळे येथली जागा मिळण्याची आशा निर्माण झाली आणि ती मिळाली. न मिळती तर ती गेली असती. दुसरा अडतिसाव्या वर्षापर्यंत तासिका तत्त्वावर शिकवत होता; त्याला कोणी बोलावलेच नाही, एरवी तोही गेला असता. आमच्या राहण्याला आम्ही निष्ठेचे नाव दिले, कारण ते नाव मोकळे होते. मुलीच्या मसुद्यातले ते स्वप्नाचे वाक्य आम्हाला एवढे खुपले, त्याचे कारण कदाचित हेच असावे.

आमचे मत आता असे आहे की तिने जावे. कागद स्वच्छ आहेत, कर्ज नाही, हिशेब तिच्या हाताने लिहिलेला आहे आणि तिला जायचे आहे. जिल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयांना परिचारिका हव्या आहेत हे आम्ही विसरलेलो नाही. पण ती उणीव शासनाने पदे भरून दूर करायची आहे. एका मुलीने अकरा हजारांवर आयुष्य काढून नव्हे. यावर आमचे एक सहकारी म्हणाले की, मग सगळेच जातील. सगळे जात नाहीत. बी-२ सगळ्यांना होत नाही, आणि पुष्कळांना जावेसेही वाटत नाही. त्यांचे न जाणेही तितकेच बिनभांडवलाचे असू द्यावे.

पत्र तिने नव्याने लिहिले. पहिले वाक्य असे झाले: मी सहा वर्षे रात्रपाळी करत आहे आणि मला माझे काम येते. दुसऱ्या वाक्यात पगार आहे. आम्ही फक्त दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले. तेही निरर्थकच, कारण ते पुढे जर्मनमध्ये जायचे होते. बी-२ परीक्षेचे वाचन, लेखन आणि संभाषण हे तीन भाग ती उत्तीर्ण झाली आहे. श्रवणाचा भाग राहिला आहे. रात्रपाळीहून परतताना सकाळच्या एस.टी.त ती कानात तार घालून जर्मन बातम्या ऐकते, आणि कंडक्टरने तिकीट मागितले तर तिला ऐकू येत नाही.