सही न केलेला जामीनदार

दिवाळी आटोपली, की यवतमाळकडची हवा बदलते. एरवी उन्हाने नाहीतर चिखलाने माणसाला घरात कोंडणारा हा मुलूख नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चारच महिने मोकळ्यावर बसू देतो. मग कुणाच्या शेतात हुरड्याचा बेत ठरतो, कुणी गोवऱ्यांच्या विस्तवावर रोडगे भाजायला निघतो. शाळांच्या सहली निघतात. कुणी पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाला जातो, आणि ज्याला परवडते तो पहाटे स्वेटर-कानटोपी चढवून पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहायला जातो. यात गैर काहीच नाही. मुलांनी रान पाहिलेच पाहिजे. सागाच्या वाळल्या पानांवर चितळाचे पाऊल पडले की कसा आवाज होतो, हे टीव्हीवर कळत नाही.

प्रश्न रानात जावे की नाही हा नाहीच. या आनंदाचा खर्च कोण भरतो, हा प्रश्न आहे.

माझी हयात बँकेत गेली, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. कर्ज घेणारा एक असतो, पैसा वापरणाराही तोच असतो. पण हप्ते थकले की नोटीस जामीनदाराच्या घरी जाते. ज्याने त्या पैशाचा चहासुद्धा प्यालेला नसतो, त्याची झोप उडते. तरी त्याने निदान कागदावर सही केलेली असते. आपल्या हिवाळी सहलींनाही असा एक जामीनदार आहे. तो अभयारण्याच्या कडेला राहतो, आणि त्याची सही कुणी कधी घेतलेली नाही.

हद्द कागदावरची

टिपेश्वर हे तसे लहान अभयारण्य. १९९७ मध्ये ते घोषित झाले. क्षेत्र जेमतेम १४८ चौरस किलोमीटर. केळापूर आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेल्या या सागवानी रानाला टिपाई देवीचे नाव मिळाले आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग जवळूनच जातो. त्यामुळे सुन्ना आणि माथनीच्या प्रवेशद्वारांवर हिवाळ्यात नागपूरचे तसेच तेलंगणातले पाहुणे सारख्याच उत्साहाने रांगेत उभे असतात.

महाराष्ट्रात वाघ वाढले, ही अभिमानाची गोष्ट आहे. २००६ च्या गणनेत राज्यात १०३ वाघ असल्याचा अंदाज होता. २०२२ च्या गणनेत तो आकडा ४४४ झाला. पण वाघ वाढले म्हणून रान वाढले नाही. वयात आलेल्या वाघाला स्वतःचा इलाका लागतो, तो मिळाला नाही की तो चालू लागतो. गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ मध्ये असाच निघाला आणि शेते, नाले, रस्ते ओलांडत पाच-सहा महिन्यांत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढे त्याची एकूण चाल ३००० किलोमीटरच्या वर गेली आणि लोकांनी त्याचे नावच 'वॉकर' ठेवले. २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रानात प्रगटला.

या बातम्या आपण कौतुकाने वाचतो. त्यांचा अर्थ मात्र नीट ध्यानात घ्यायला हवा. अभयारण्याची हद्द आपल्यासाठी असते, कारण आपण तिथे तिकीट फाडतो. वाघाला ती ठाऊक नसते. सकाळी जो वाघ आपल्या जिप्सीपुढून शांतपणे रस्ता ओलांडतो, तोच रात्री कुणाच्या धुऱ्यावरून जात असतो.

एकच हंगाम, दोन कामे

आता कॅलेंडर पाहा. आपल्या सहलीचा हंगाम तोच कापूस वेचणीचा हंगाम. नोव्हेंबर-डिसेंबरात यवतमाळच्या शेतांत बाया कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून वेचत असतात. कंबरभर उंच पऱ्हाटीत वाकलेला माणूस लांबून माणसासारखा दिसत नाही, म्हणून रानालगतच्या शेतात एकट्याने जाऊ नका, अधूनमधून उभे राहा, बोलत राहा, असे वनखाते सांगत असते. गहू-हरभऱ्याला पाणी देण्याचा हंगामही हाच, आणि शेतीपंपाची वीज अजून अनेक ठिकाणी रात्रीच्या पाळीत येते. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला जागल करावी लागते, तीही रात्रीच. म्हणजे आपण ज्या थंडीत हौसेने पहाटे उठतो, त्याच थंडीत कुणीतरी बॅटरी आणि काठी घेऊन नाइलाजाने रानाच्या कडेला उभा असतो.

पीककर्जाच्या पाहणीसाठी या भागात हिंडत असताना एका कोलाम पोडावरची म्हातारी मला म्हणाली होती, "साहेब, तुमी लोक वाघ पाहाले येता, अन् आमी तो दिसू नये म्हून देवाले हात जोडतो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. एकाच प्राण्याकडे पाहण्याच्या दोन बाजू तिने सांगितल्या, इतकेच.

राळेगाव आणि पांढरकवड्याच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात टी-१ म्हणजेच 'अवनी' ही वाघीण गोळी घालून मारण्यात आली. दोन वर्षांत १३ माणसांच्या मृत्यूला ती जबाबदार असल्याचे वनखात्याचे म्हणणे होते. तिच्यामागे दोन बछडे राहिले. तिला कसे मारले यावरून देशभर वाद झाला, तो न्यायालयापर्यंत गेला. शहरांत निषेध झाला आणि गावांनी सुटकेचा श्वास टाकला. दोघांचीही भावना खरी होती. पण दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

त्या मृत्यूंचा पर्यटकांशी संबंध नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे. ते रान अभयारण्याबाहेरचे होते, आणि बळी पडले ते गुराखी व शेतकरी होते. पण त्या दोन वर्षांनी एक गोष्ट दाखवली. माणूस आणि वाघ यांच्यामध्ये भिंत नाही, कुंपण नाही. आहे तो फक्त संकोच. वाघ माणसाला टाळतो, तो संकोच हाच इथला खरा बांध आहे. तो बांध आपण हौसेपायी रोज थोडाथोडा खणत असू, तर पाणी आपल्या अंगणात शिरणार नाही. ते पोडावर शिरेल.

तीन फुटांवरचा फोटो

हा बांध कसा खणला जातो, ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. नागपूर-भंडारा जिल्ह्यांतल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या सफारीत एफ-२ नावाची वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर होती, आणि दोन्ही बाजूंनी आलेल्या जिप्सींनी तिची वाट अडवून धरली. त्या दृश्याच्या चित्रफिती घरोघरच्या मोबाईलवर पोहोचल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि मार्गदर्शक निलंबित झाले, त्यांना दंड झाला.

शिक्षा योग्यच होती. पण चालकाने गाडी पुढे का घेतली, हेही विचारले पाहिजे. मागच्या सीटवरून "आणखी थोडे पुढे घ्या ना" असे कुणीतरी म्हणाले असेल. कुणाला फोटो हवा असेल, कुणी चांगल्या बक्षिशीची आशा दाखवली असेल. ते मार्गदर्शक आणि चालक बहुधा आसपासच्याच गावांतले तरुण. पाहुण्याचा शब्द मोडायचा तर बक्षिशी बुडते, आणि मोडला नाही तर नोकरी. हट्ट आपला, हप्ता त्याचा. इथेही जामीनदार तोच.

कुणी म्हणेल, मग पर्यटनच बंद करा. ते मला पटत नाही. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातले पर्यटन काही काळ थांबवले होते. ऑक्टोबरात मार्गदर्शक सूचना आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. तो मार्ग शहाणपणाचा होता. पर्यटक येतात म्हणून गावातल्या पोरांना काम मिळते, आणि रानावर चार डोळ्यांचा पहारा राहतो. ज्या रानात कुणी जात नाही, तिथे फास लावणाऱ्याचे फावते. पर्यटन हवेच, पण पाहुण्याने पाहुण्यासारखे वागून.

पाहुण्याचे नियम

तसे वागणे फार अवघड नाही. अभयारण्यात वन्यप्राण्याला त्रास देणे, कचरा टाकणे, आग लावणे याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेच मनाई आहे. गाडीतून उतरायचे नाही, आवाज करायचा नाही, खाऊ टाकायचा नाही, हे प्रवेशद्वारावर सांगतातच. त्यात घरच्या वडीलधाऱ्यांनी दोन गोष्टींची भर घालावी. गाडी सुटण्यापूर्वीच मार्गदर्शकाला सांगावे, "वाघ दिसला नाही तरी चालेल, अंतर ठेवा. बक्षिशी तीच राहील." एवढ्या एका वाक्याने त्याच्या मानेवरचे ओझे उतरते. आणि मुलांना निघतानाच समजावावे, की आपण वाघ पाहायला नाही, रान पाहायला चाललो आहोत. मग मोर, नीलगाय, वारुळ, झाडाच्या सालीवरच्या नखांच्या खुणा, यांनीही त्यांची सकाळ भरून जाते. मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांनी उभ्या आयुष्यात मराठी वाचकाला हेच शिकवले, की रानात वाघाखेरीज पुष्कळ काही राहते.

उघड्या जिप्सीत पहाटेचा वारा फार बोचतो. लहान मुले आणि वयस्कर माणसे यांच्यासाठी कानटोपी, मफलर, एक जादा शाल घ्यावी. सकाळी नऊनंतर ती सगळी अंगावरून उतरते. सफारीला वेळेवर पोहोचायचे म्हणून काळोखात महामार्गावर गाडी पिटाळू नये. ओढ्याच्या काठी धुके असते, बैलगाड्या आणि कापसाची वाहने दिव्यांशिवाय चालतात, आणि रस्ता ओलांडणारे जनावर हॉर्न ओळखत नाही. अर्धा तास आधी निघावे, किंवा आदल्या रात्रीच पांढरकवड्यात मुक्काम करावा.

रोडग्यांच्या पंगती रानाच्या कडेला न करता शेतातल्या मोकळ्या जागी कराव्यात. जानेवारी सरता सरता सागाची पानगळ वाढते, आणि गोवरीचा विस्तव वरून विझल्यासारखा दिसला तरी आत तासन् तास धुमसतो. दोन बादल्या पाणी ओतून, हात लावून पाहिल्याशिवाय उठू नये. उरलेले अन्न आणि पत्रावळी मागे सोडल्या, की त्या वासावर डुक्कर येते आणि डुकरामागे बिबट्या. तोवर आपण घरी झोपलेलो असतो.

सहस्रकुंडाची गोष्ट निराळी, पण धडा तोच. एका काठाला यवतमाळ, दुसऱ्या काठाला नांदेड, मधे काळा खडक आणि पैनगंगेची धार. पाण्याने झिजलेला तो खडक कोरडा दिसतो तिथेही निसरडा असतो. नदीवर वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे; पाणी कधी वाढेल, हे काठावर बसून कळत नाही. फोटोसाठी कडेला जाणाऱ्या पोराला ओरडून परत बोलावणे म्हणजे आनंदावर विरजण नव्हे. तो पडला तर उडी घालणारा पुन्हा शेजारच्या गावचाच कुणी भोई नाहीतर गुराखी असणार.

थोडे शासनानेही करावे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना २५ लाख रुपये मिळतात. ती रक्कम मृत्यूनंतरची आहे. त्याआधीच्या गोष्टी स्वस्त आहेत. रानालगतच्या फीडरांना दिवसा वीज द्यावी. प्रवेश शुल्काचा ठरावीक वाटा काठच्या गावांना द्यावा आणि त्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. वाघाचा वावर कुठल्या शिवारात आहे, हे पर्यटकाच्या आधी वेचणीच्या बायांना कळावे.

येत्या रविवारी तुम्ही मुलांना घेऊन टिपेश्वरला निघालात, तर परतताना एखाद्या गावात चहाला थांबा. त्या रात्री पाण्याची पाळी कुणाची आहे, एवढे विचारा. त्या माणसाचे नाव मुलांना ऐकू द्या. वाघ पाहिल्याचे ती घरी जाऊन सांगतीलच. हे नावही त्यांच्या लक्षात राहिले, तर सहल पुरी झाली.