चतुर्दंत पाहुणा

पूर्वीं घरांत पाळावयाचा प्राणी म्हटला म्हणजे गाय, फार तर पोपट किंवा मांजर, येथेंच आमची कल्पना थांबत असे. अलीकडे कित्येक बिऱ्हाडांतून ती जागा कांचेच्या पेटीनें आणि तींतील माशांनीं घेतली आहे. यांत वाईट असें कांहीं नाहीं. मुलांची दृष्टि अर्धा तास एका जिवंत वस्तूवर स्थिर राहणें हें आजच्या काळांत लहानसहान शिक्षण नव्हे. परंतु गाय दारीं बांधण्यापूर्वीं आपले वडील आधीं कडब्याची तरतूद पाहत असत; मासा मात्र पिशवींत बसून घरीं येतो आणि मग त्याच्या तरतुदीचा विचार सुरू होतो. या महिन्यांत ज्या माशाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे, त्याच्या बाबतींत ही उलटी रीत बहुधा त्याच्या जिवावर बेतते.

हा मासा म्हणजे गोड्या पाण्यांतील फुगा मासा. दुकानदार त्याला ‘पफर’ म्हणतात. कोंकणांतील वाचकांस त्याचे समुद्रांतील भाऊबंद ‘केंड’ या नांवानें परिचित असतील. आपल्या देशांतील गोड्या पाण्यांतही त्याच्या जाती आहेत. गंगेच्या खोऱ्यांतील ‘कुटकुटिया’ नांवाची जात हॅमिल्टन या शोधकानें १८२२ सालीं नोंदविली. आज घरोघरच्या पेट्यांतून जी दिसते ती याहून पुष्कळच लहान जात केरळांतील व त्याला लागून असलेल्या कर्नाटकाच्या भागांतील आहे. १९४१ सालीं सुंदरलाल होरा आणि के. के. नायर या दोघां शास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्रावणकोरवरून तिचें नांव ठेविलें. पूर्ण वाढलेला मासा इंचभर, फार तर त्याहून किंचित् मोठा. एवढ्या लहान देहांत निसर्गानें किती नवल भरून ठेविलें आहे हें पाहण्यासारखें आहे.

या कुळाचें शास्त्रीय नांव ज्या शब्दावरून पडलें तो ‘टेट्राओडॉन’ हा शब्द ग्रीक आहे. त्यांतील ‘टेट्रा’ म्हणजे आपला ‘चतुर्’ आणि ‘ओडॉन’ म्हणजे आपला ‘दंत’. अर्थ तर एक आहेच, पण हे शब्दही एकाच मूळ भाषेच्या पोटचे सख्खे भाऊ आहेत. तेव्हां संस्कृत जाणणाऱ्या घरानें या पाहुण्यास खुशाल ‘चतुर्दंत’ म्हणावें. त्याचे दांत एकत्र जुळून वर दोन व खालीं दोन अशा चार फळ्या झालेल्या असतात आणि त्या मिळून पोपटाच्या चोचीसारखें साधन बनतें. ही चोच आयुष्यभर वाढत राहते. त्याचे डोळे एकमेकांवर अवलंबून न राहतां निरनिराळ्या दिशांस फिरतात. अंगावर खवले नाहींत, पोटाखालचे पर नाहींत, आणि बरगड्याही नाहींत. बरगड्या नसल्यामुळेंच त्याचें तें प्रसिद्ध फुगणें शक्य होतें. संकट दिसतांच तो भराभर पाणी गिळून पोटांत साठवितो आणि चेंडूसारखा गोल होतो. मग गिळूं पाहणाऱ्या शत्रूचें तोंड त्याला पुरत नाहीं.

येथें मुलांना एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. मासा फुगतो तो आपल्याला करमणूक म्हणून नव्हे. तो भीतीनें फुगतो. कांचेवर टिचक्या मारून किंवा काडीनें डिवचून त्याला फुगावयास लावणें म्हणजे झोपलेल्या मुलाला ‘आग लागली’ म्हणून उठविण्यासारखें आहे. तसेंच त्याला जाळीनें पाण्याबाहेर काढूं नये. हवेंत असतां तो पाण्याऐवजीं हवा गिळतो आणि ती बाहेर टाकणें त्याला कठीण जातें. हलवावयाचाच असेल तर वाटींत पाण्यासकट घ्यावा. या कुळांतील कित्येक जातींच्या अंगीं जबर विष असतें, हेंही विसरूं नये. पेटी पाहण्यांत अथवा धुण्यांत भय नाहीं. परंतु मेलेला मासा मांजराच्या तोंडीं पडूं देऊं नये.

आतां पाण्याविषयीं. बहुतेकांचा पाय येथेंच घसरतो. फुगा माशांच्या सुमारें दोनशें जाती आहेत. त्यांतील बहुसंख्य समुद्रांत, कांहीं खाडीच्या मचूळ पाण्यांत, आणि थोड्याच निखळ गोड्या पाण्यांत राहतात. हिरवट अंगावर काळे ठिपके असलेली एक जात दुकानांत गोड्या पाण्यांतच ठेवून विकतात. लहानपणीं ती त्यांत तग धरते, पण मोठी होतां होतां तिला मचूळ पाणी लागतें आणि तें न मिळाल्यास ती खंगत जाते. उलट, वर सांगितलेली इंचभराची जात जन्मभर गोड्या पाण्याचीच. तिच्या पेटींत मीठ घालण्याचें कारण नाहीं. म्हणून विकत घेण्यापूर्वीं कोणती जात आहे हें नीट विचारून घ्यावें.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील वाचकांनीं या बाबतींत विशेष जपावें. संग्रामपूर, जळगांव जामोद, शेगांव या बाजूचा पूर्णाकांठचा मुलूख खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. ‘फुगा मासा खाऱ्या पाण्याचा, आपली विहीर खारी, तेव्हां योग उत्तम जुळला’ असें अनुमान कोणी काढील, तर नैयायिकांच्या भाषेंत तो शुद्ध हेत्वाभास होईल. समुद्राचा खारेपणा निराळा, जमिनींतील क्षारांचा निराळा. लोणार येथें विवराच्या कडेवरची धार गोड आणि खालच्या सरोवराचें पाणी क्षारयुक्त, हें आपण पाहतोंच. दोन्ही डोळ्यांस पाणीच दिसतात, गुणांत मात्र जमीनअस्मानाचा फरक! तेव्हां विहिरीपेक्षां नळाचें किंवा सांठविलेलें पावसाचें पाणी बरें. मात्र पावसाच्या पाण्यांत क्षार जवळ जवळ नसतातच, म्हणून तें नळाच्या पाण्यांत मिसळूनच वापरावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशास बाधतो. दुकानांत त्यावर उतारा म्हणून थेंब मिळतात, ते घालावेत. निदान रुंद तोंडाच्या भांड्यांत पाणी एक दिवस उघडें ठेवावें.

एका माशास वीस लिटरांची पेटी पुरते. परंतु आज पेटी, उद्यां मासा, असें करूं नये. माशाच्या मलमूत्रापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. तो विषारी आहे. एका प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जंतु त्याचें नायट्रेट करतात, तें पुष्कळ सौम्य असतें. या जंतूंची वस्ती पेटींतील वाळूंत व गाळणींत जमावयास महिना-दीड महिना लागतो. आपल्या घरांतील बायकांस हें सांगणें सोपें आहे: विरजण लागल्यावांचून दहीं होत नाहीं, आणि ढवळाढवळ केल्यानें तें लवकरही लागत नाहीं. जुन्या, निरोगी पेटींतील थोडी वाळू आणून घातली तर हेंही विरजण लवकर लागतें. पुढें दर आठवड्यास पेटींतील चौथा हिस्सा पाणी बदलावें. वीस लिटरांच्या पेटीस हें पांच लिटर पाणी होतें; म्हणजे एक घागरही नव्हे. नळ आठवड्यांतून एकदां येणाऱ्या गांवींही एवढें निघूं शकतें, आणि काढलेलें पाणी कुंडींतील झाडांस उत्तम खत होतें.

चोवीस ते अठ्ठावीस अंश उष्णता या माशास मानवते. घाटावरील बुलढाणा-चिखलीकडे हें त्या मानानें सुलभ; परंतु घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, खामगांव येथें वैशाखांत पारा चाळीसांच्या वर चढतो. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मुरतो. त्या दिवसांत पेटी खिडकीपासून दूर ठेवावी, झांकणाऐवजीं जाळी घालून पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा आणि बाहेरून ओलें फडकें गुंडाळावें. बर्फाचे खडे एकदम टाकूं नयेत.

येथवरचें सारें श्रमानें साधण्यासारखें आहे. खरी अडचण पुढेंच आहे, आणि ती आमच्यासारख्या घरांत विशेष. हा मासा मांसाहारी आहे. दुकानांतील कोरडा चुरा तो सहसा तोंडांत घेत नाहीं. त्याला बारीक गोगलगायी, पाण्यांतील किडे, डांसासारख्या एका माशीच्या तांबड्या अळ्या असें खाद्य लागतें. गोगलगायीचें कवच फोडतांना त्याचे वाढते दांत झिजतात, हाही लाभ आहे. नातू हौसेनें मासा आणतो, आणि आजी विचारते, “अरे बाळ, ज्या घरांत कांदासुद्धां चातुर्मासांत येत नाहीं, तेथें तूं रोज जिवंत किडे मारावयास घालणार?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पण त्यावर पुष्कळ घरीं जो तोडगा निघतो तो प्रश्नाहून वाईट असतो. आजीच्या समाधानासाठीं पोळीचा चुरा, भाताचीं शितें पाण्यांत पडतात. मासा त्यांकडे पाहतही नाहीं. शितें कुजून पाणी नासतें, आणि दोन-तीन आठवड्यांत मासा पोट खपाटीला जाऊन मरतो. किड्यांची हिंसा टळली खरी. परंतु ज्याला आपण आपल्या आश्रयास आणिलें त्याला उपाशी मारलें, ही हिंसा कोणाच्या खात्यावर मांडावयाची?

आमच्या मतें येथें मार्ग दोनच आहेत. घरांतील वडीलधाऱ्यांस मनापासून मान्य असेल, तर निराळ्या बरणींत पाणवनस्पतींवर गोगलगायी वाढवाव्या, गोठविलेल्या अळ्या आणून ठेवाव्या, आणि पाहुण्याला त्याचें अन्न द्यावें. मान्य नसेल, तर हा मासा आणूंच नये; कोरडें खाद्य आवडीनें खाणारे गप्पी मासे ठेवावे. हिंवतापाच्या बंदोबस्तासाठीं आरोग्य खातें हेच मासे पाण्याच्या टांक्यांत सोडत आलें आहे. नातवाची हौस त्यांतही भागते. मधला तिसरा मार्ग मात्र नाहीं. निसर्ग आपला आहारनियम आमच्या सोंवळ्याप्रमाणें बदलीत नाहीं.

सोबतीचा प्रश्नही असाच. ‘एकटा बिचारा कंटाळेल’ म्हणून त्याच्या पेटींत लांब शेपटीचा गोल्डफिश सोडणें म्हणजे त्याच्या चोचीपुढें नैवेद्य ठेवणें होय. तो दुसऱ्यांचे पर कुरतडतो. दोन नर लहान जागेंत ठेविले तर आपसांतही भांडतात. ज्या अवस्थेंत बलवान् दुर्बळास खातो, तिला राजनीतिकारांनीं मात्स्यन्याय म्हटलें आणि तो टाळणें हें राजाचें पहिलें कर्तव्य मानिलें. कांचपेटीपुरते राजे आपण आहों. पेटींत कोणास कोणाबरोबर ठेवावयाचें हें आपल्या हातीं असल्यामुळें तेथील अन्यायाचा दोष माशावर येत नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक सूचना करावीशी वाटते. पेटीची जबाबदारी एकाच व्यक्तीवर असावी. नाहीं तर सकाळीं काका खाद्य घालतात, दुपारीं वहिनी घालतात, संध्याकाळीं मुलें घालतात आणि उरलेल्या अन्नानें पाणी सडतें; किंवा प्रत्येकास वाटतें कीं दुसऱ्यानें घातलें असेल. नीट निगा राखिली तर हा चिमुकला जीव चार-पांच वर्षें जगतो. आज चौथींत असलेल्या मुलाचें लक्ष नववीपर्यंत टिकणार आहे काय, हा प्रश्न दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वींच घरीं विचारावा. नको झालेला मासा पैनगंगेंत अथवा नळगंगेच्या धरणांत सोडून ‘मुक्त केला’ असें पुण्यही मानूं नये. परक्या जातीचा मासा आपल्या नद्यांत सोडणें हा तेथील माशांवर अन्याय आहे.

शेवटीं, हा पाहुणा येतो कोठून? पुष्कळ वेळां तो केरळच्या नद्यांतून, पाणथळींतून धरून आणिलेला असतो. जगांतील संकटग्रस्त जीवांच्या सूचींत त्याची गणना असुरक्षित जातींत केली आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें २००५ ते २०१२ या काळांत भारतांतून ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून अधिक गोडे मासे शोभेसाठीं परदेशीं गेले, आणि त्यांतील मोठा वाटा ज्या मोजक्या जातींचा होता त्यांत आपला चतुर्दंत एक होता. दुसरी जात ‘बोटिया स्ट्रायटा’ ही पट्टेदार मासळी. ती तर आपल्याच सह्याद्रींत, कृष्णेच्या वरच्या खोऱ्यांत राहणारी. म्हणजे हा प्रश्न दूरच्या केरळाचाच नाहीं. उपाय आपल्या हातचा आहे. हा मासा कांचपेटींतही शेवाळांत अंडीं घालतो व त्याची पैदास होऊं शकते. म्हणून पैदास केलेलाच मासा मागावा, आणि दुकानदारास तसें सांगतां येत नसेल तर रिकाम्या हातानें परतावें.

या माशाची प्रथम ओळख करून देणारे होराच पुढें आपल्या प्राचीन मत्स्यविद्येकडे वळले. बाराव्या शतकांतील चालुक्यराजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांतील मत्स्यविनोद प्रकरणाचा त्यांनीं १९५१ सालीं अभ्यास प्रसिद्ध केला. गळाला लावण्यासाठीं का होईना, कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें याची त्या राजानें बारकाईनें नोंद केली होती. त्याआधीं अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखावरही होरांनीं लिहिलें. त्या लेखांत कांहीं माशांस अभय दिलेलें आहे, व ठराविक तिथींस मासे धरण्याची मनाई आहे. मासा ओळखावा, त्याचें अन्न जाणावें, आणि जेथें मर्यादा पाळावयाची तेथें हात आवरावा, हे तिन्ही धडे आपल्या परंपरेंत आहेतच. ज्या घरीं हे तिन्ही पाळतां येतील त्या घरीं चतुर्दंतानें अवश्य यावें. इतरांनीं त्याच्याविषयीं वाचून, चित्र पाहून मुलांस त्याची गोष्ट सांगावी. तेवढ्यानेंही त्या माशाचें कल्याणच होईल.