आमिष कोणाचे, हाव कोणाची?

मराठीत मासा जेव्हा जेव्हा गळाला लागतो, तेव्हा दोष माशाचाच असतो. ‘आमिषाला बळी पडणे’, ‘गळाला लागणे’, ‘आमिष दाखवून फसवणे’ हे वाक्प्रयोग आपण इतके सर्रास वापरतो की त्यांच्या पोटात एक कथा दडलेली आहे याचे भान राहत नाही. मासा लोभी असतो. त्याला घास दिसतो, काटा दिसत नाही. म्हणून तो मरतो, अशी ती कथा. कीर्तनकारापासून वृत्तपत्राच्या उपसंपादकापर्यंत सर्वांनी ती प्रमाण मानली आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच की ही कथा गळ टाकणाऱ्याला विचारून रचलेली नाही, आणि तिचे परिणाम केवळ अलंकारशास्त्रापुरते मर्यादित नाहीत.

मूळ संस्कृतात ‘आमिष’ म्हणजे मांस. ‘सामिष’, ‘निरामिष’ या शब्दांत तो अर्थ आजही शाबूत आहे. मांसावरून भक्ष्य, भक्ष्यावरून प्रलोभन, असा अर्थाचा प्रवास झाला. गंमत अशी की प्रत्यक्ष गळ टाकणारा माणूस हा शब्द क्वचितच उच्चारतो. तो ‘चारा’ म्हणतो, किंवा सरळ ‘गांडूळ’, ‘बेडकी’, ‘कणीक’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो मोह नसून जेवण असते; आणि कोणाला काय जेवायला घालायचे, केव्हा आणि कोठे, हा त्याच्या विद्येचा गाभा असतो.

मुरबाड तालुक्यातील धसई आणि लगतचा शहापूर तालुका हा काळू, शाई, भातसा या नद्यांचा मुलूख. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांची येथे जुनी वस्ती आहे. पहिल्या पावसात ओढे फुगतात, मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात, ती वळगण. त्या वेळी पाणी गढूळ असते. डोळ्यांनी शिकार करणारा मासा अशा पाण्यात आंधळा होतो; मिशांनी चाचपणारा, वासाने माग काढणारा शिंगाळा मात्र सुखात असतो. म्हणून गढूळ पाण्यात गांडूळ. पावसाळा सरून पाणी निवळले की मरळ पाहून, हेरून झडप घालते. तिच्यासाठी हलता, जिवंत चारा लागतो, छोटा मासा किंवा बेडूक. रोहूसारख्या माशाला कणकेचा गोळा पुरतो. पाण्याचा रंग, ऋतू, माशाचे इंद्रिय आणि त्याची भूक या चारही गोष्टी जुळल्या तरच दोरी ताणते. हा साक्षेपी निरीक्षणाचा व्यवहार आहे. यात ‘लोभ’ या शब्दाला कोठेही जागा नाही.

हीच विद्या अन्यत्र ग्रंथबद्ध झाली. इंग्रजीत १४९६ साली छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरील प्रबंधात बारा कृत्रिम माश्या वर्षातील महिन्यांनुसार सांगितल्या आहेत. १६५३ साली आलेले आयझॅक वॉल्टनचे पुस्तक तर तिकडे वाङ्मय म्हणूनच वाचले जाते. अमेरिकेत आज वसंताच्या आरंभी बास नावाच्या माशासाठी कोणते आमिष निवडावे यावर अखंड चर्चा चालते. तेथे थंड पाण्यात मासा सुस्त असतो, म्हणून ‘जिग’ (शिशाचे डोके आणि रबराची झालर असलेला गळ) तळाशी अगदी सावकाश ओढतात.

पण आपल्या कथेला खरा धक्का बसतो तो पुढच्या टप्प्यात. पाणी १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की नर बास तळाशी घरटे करतो, आणि मादीने अंडी घातल्यावर त्यांची राखण करतो. या काळात तो आमिषावर तुटून पडतो तो पुष्कळदा भुकेने नव्हे. घरट्यात शिरलेला परका हाकलण्यासाठी. आपली मरळही अशीच. पिल्लांचा लालसर थवा पृष्ठभागाशी फिरत असतो आणि खाली आईबाप राखणीला असतात. त्या थव्यावर गळ फिरवला तर मरळ चावा घेते, पण तो चावा हावेचा नसतो. अशा वेळी गळ टाकावा की नाही, हा मासे धरणाऱ्याच्या नीतीचा प्रश्न आहे. आपल्या भाषेने मात्र तो माशाच्या नीतीचा करून ठेवला.

आपल्याकडे या विद्येची ग्रंथपरंपरा नव्हती काय? होती, आणि ती आपल्याच अभ्यासक्रमाच्या उंबरठ्यावर आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ (शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९) मराठी एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो, कारण त्यात मराठीच्या आरंभकाळातील पद्यपंक्ती सापडतात. दशावतारांच्या त्या वर्णनातील पहिला अवतार मत्स्याचा. मात्र त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे, त्यात माशांचे समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे वर्गीकरण आहे, कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे याचा विचार आहे, दोरी, काठी आणि गळ यांची माहिती आहे, हे आपण शिकवत नाही. वेद उद्धरणारा मासा आपण परीक्षेसाठी पाठ केला. गळाला लागणारा मासा शेजारच्या पानांवर तसाच राहिला. भाषेचा इतिहास आणि भाषेतील ज्ञानाचा इतिहास यांची आपण जी फारकत केली आहे, तिचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

हेमिंग्वेची १९५२ सालची ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली. त्या कथेतला म्हातारा आपली आमिषे मोजून मापून वेगवेगळ्या खोलीवर सोडतो, आणि मासा चाखू लागला की त्याला खाण्याची विनवणी करतो. मराठीत ‘गळ घालणे’ याचा एक अर्थ मनधरणी करणे असा आहे; येथे म्हातारा दोन्ही अर्थांनी गळ घालतो. माशाला तो लोभी ठरवत नाही, भाऊ म्हणतो. ज्याने आयुष्यभर आमिष निवडले, त्याला माशाची निंदा करण्याची गरज वाटत नाही. ती गरज काठावर उभे राहून बोध घेणाऱ्यांना वाटते.

आता ही चर्चा अलंकारापुरती का नाही, ते सांगतो. शहापूर-मुरबाडकडील कातकरी कुटुंबे पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात. त्याआधी, घरात धान्य नसते त्या दिवसांत, त्यांना उचल किंवा बयाणा मिळतो. पुढचे महिने ती फेडण्यात जातात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण अशा बातम्या अद्याप येतात आणि त्यात हमखास वाक्य असते: पैशाचे आमिष दाखवून नेले. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ‘आमिष’ म्हटले की वाचकाच्या मनात ती जुनी कथा आपोआप सुरू होते, आणि लोभाचा ठपका उचल घेणाऱ्यावर बसतो. वस्तुतः उचल देणाऱ्याने ऋतू ओळखलेला असतो, भूक ओळखलेली असते, मुलाबाळांची काळजीही ओळखलेली असते. निवड त्याची असते. गढूळ पाण्यात गांडूळ घालावे हे त्याला कळते.

कोणी म्हणेल, रूपके अशी शास्त्राच्या कसोटीवर घासायची नसतात. भाषा रूढीने चालते. मान्य. ‘आमिष’ हा शब्द कोशातून काढून टाका असा आग्रह येथे नाही. पण रूढी कोणाच्या बाजूने चालते हे पाहणे समीक्षेचे काम आहे. दलित आणि ग्रामीण साहित्याने जातिवाचक म्हणी-वाक्प्रचारांबद्दल आपल्याला सावध केले. श्रमाच्या रूपकांबाबत ती सावधगिरी अजून आलेली नाही.

मराठीच्या वर्गांनी यासाठी फार मोठे काही करायला नको. आदिवासी साहित्याच्या पत्रिकेला बसणाऱ्या मुलामुलींपैकी काहींच्या घरी गळ, चारा, वळगण हे रोजचे शब्द असतात, आणि वर्गात ते उच्चारायला ती संकोचतात. ते शब्द त्यांच्याकडून मागून घ्यावेत, त्यांच्यामागचा तर्क विचारावा, आणि ‘मानसोल्लासा’तील ते प्रकरण शेजारी ठेवून वाचावे. एवढे झाले तरी पुढच्या वेळी ‘आमिषाला बळी पडले’ असे लिहिताना हात क्षणभर थांबेल, आणि गळाची काठी कोणाच्या हातात होती, हे आधी लिहिले जाईल.