व्हिडिओ कापा, पण कुणाला गाळू नका



यंदा जानेवारीत आपल्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले. गावातल्या लोकांनी ते डोळे भरून बघितले. पण ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत त्यांनी ते बघितले नाही. माझे आई-आण्णा दिवाळीनंतर कारखान्यावर जातात ते पाडव्याच्या सुमारास येतात. तोवर मी आजीजवळ राहते. म्हणून स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओबद्दल मला माझे मत सांगायचे आहे.

आमचा घागरीचा नाच होता. मी आईची हिरवी साडी दुमडून नेसले होते. एका काकांनी सगळा कार्यक्रम मोबाईलवर घेतला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. आण्णांच्या फोनला दिवसाला दीड जीबी नेट मिळते, आणि त्यांच्या कोपीजवळ रेंज पण कमी. तो व्हिडिओ उतरायला दोन दिवस लागले. मग रात्री आईचा फोन आला. ती म्हणाली, "हिरवी साडी माझीच दिसती गं, पण तोंड काय दिसंना. त्यातली तू कोणती?"

मला रडू आलं. आईने मला ओळखलं नाही, साडीला ओळखलं.

असे का झाले हे मी आमच्या चुलत दादाला विचारले. तो दहावीत आहे आणि त्याला मोबाईलवर व्हिडिओ कापता-जोडता येतो. त्याने सांगितले ते मी आपल्या गणितात बसवून सांगते. व्हिडिओतले चित्र बारीक ठिपक्यांचे असते. फुल एचडी व्हिडिओत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २०,७३,६०० येतात. साध्या एचडीत १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६०० येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ साधा पाठवला की तो दाबून बारीक केला जातो. ठिपके कमी होतात आणि लांब उभ्या राहिलेल्या मुलीचे तोंड पुसले जाते.

मग मोठाच व्हिडिओ का पाठवू नये? त्याचेही गणित करू. काकांच्या फोनवर फुल एचडीत एका मिनिटाला साधारण १२५ एमबी जागा लागते. कार्यक्रम ४० मिनिटांचा. १२५ गुणिले ४० म्हणजे ५००० एमबी, म्हणजे ५ जीबी. आण्णांचे तीन दिवसांचे नेट संपले तरी तो उतरणार नाही. मग घरी फोन कसा करायचा?

म्हणून माझे पहिले मत असे आहे की व्हिडिओ आधी कापावा. सुरुवातीला माईक "हॅलो, हॅलो" करतो ते, पडदा अडकला ते, पाहुणे येईपर्यंत सगळे बसून राहिले ते कशाला पाठवायचे? दादाने आमचा नाच कापून ४ मिनिटांचा वेगळा केला. सेव्ह करताना त्याने ७२० ची एचडी निवडली. तो व्हिडिओ १६० एमबीचा झाला. ५००० कुठे आणि १६० कुठे!

काहीजण म्हणतात, हे शहरातल्या स्टुडिओवाल्यांचे काम आहे, आपल्याला नाही जमायचे. मला हे पटत नाही. दादासाहेब फाळके आपल्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला, १८७० साली जन्मले. त्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र हा सिनेमा काढला. त्याच्या आधी १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची महिन्याहून जास्त दिवस छायाचित्रे घेतली. त्याचा सिनेमा झाला फक्त मिनिटभराचा. सगळा महिना दाखवला असता तर कोण बघत बसले असते? तसेच आपल्या मालेगावचे नासिर शेख यांनी २००० सालच्या सुमारास गावातलेच लोक घेऊन थोड्या पैशात मालेगाव के शोले काढला. आता तर मोबाईलच्या गॅलरीतही व्हिडिओ कापायची सोय असते. शाळेच्या कॉम्प्युटरवर ओपनशॉट किंवा शॉटकट घालता येते, ते फुकट मिळते. मग पैसे नाहीत असे का म्हणायचे?

माझे दुसरे मत पाठवण्याबद्दल आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तो दाबला जात नाही. २ जीबीपर्यंतची फाईल तशी जाते. २०२३ पासून व्हिडिओला एचडीचे बटण पण आले आहे. पण नेट खर्च न करताही काम होते. आमच्या भावकीतले एक काका टोळीसाठी पीठ घेऊन कारखान्याकडे निघाले होते. दादाने क्विक शेअर चालू केले, दोन्ही फोन जवळ ठेवले, आणि आमचा नाच काकांच्या फोनमध्ये गेला. त्याला नेट लागत नाही. काकांनी तिथे तसाच तो आण्णांच्या फोनमध्ये घातला. ज्यांच्या फोनला हे जमत नाही त्यांना मेमरी कार्डात भरून देता येते. काहीजण युट्यूबवर टाका म्हणतात. तिथे पैसे पडत नाहीत हे खरे, पण बघायला नेट लागतेच. शिवाय आपल्या मुलांची तोंडे सगळ्या जगाला कशाला दाखवायची?

त्या रात्री आईचा परत फोन आला. ती म्हणाली, "तुझा पुढचा दात पडलाय व्हय? मला दिसला." मला इतका आनंद झाला की मी आजीला झोपेतून उठवून सांगितले.

पण पुढची गोष्ट आनंदाची नाही. तीसुद्धा सांगितली पाहिजे.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आईवडील त्याच टोळीत आहेत. तो नाचाच्या सुरुवातीला झाड होऊन उभा होता. त्याच्या आईने तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि आईच्या फोनवरून मला विचारले, "आमचा कुठाय गं यात?" मी गप्प झाले. झाडाचा भाग दादाने कापला होता, आणि "तिथे काय नाही, फक्त झाडं आहेत, ते काढ" असे त्याला मीच सांगितले होते.

तो मुलगा रोज माझ्या मागच्या बाकावर बसतो. त्याच्या आईलासुद्धा तो चार महिने दिसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादाकडून झाडांचा ४० सेकंदांचा तुकडा वेगळा करून घेतला. तो साधारण २७ एमबीचा झाला. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला. मी त्या मुलाला "चुकले" असे म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, "झाड हललं नाय ना?"

म्हणून गुरुजींना आणि पालकांना माझ्या विनंत्या अशा आहेत. कार्यक्रम घेताना मोबाईल स्टेजच्या जवळ ठेवावा आणि हलवू नये. नंतर प्रत्येक नाचाचा आणि नाटकाचा वेगळा तुकडा करून त्यावर इयत्ता लिहावी. पूर्ण व्हिडिओ शाळेच्या पेनड्राईव्हमध्ये जपून ठेवावा, म्हणजे कापताना चूक झाली तर परत घेता येईल. कारखान्याकडे जो माणूस जाईल त्याच्याबरोबर तुकडे द्यावेत. आणि पाठवण्याआधी हजेरीपट समोर घेऊन व्हिडिओ बघावा. वर्गात जितकी नावे तितकी तोंडे त्यात दिसली पाहिजेत. एक जरी कमी असले तरी व्हिडिओ पाठवू नये.

हजेरी घेताना गुरुजी कुणाला गाळत नाहीत. मग व्हिडिओ कापताना आपण का गाळावे?

माझे काही चुकले असेल तर मोठ्यांनी क्षमा करावी.

– इयत्ता ४ थी, एक विद्यार्थिनी