शेजारच्या पक्षाची कसोटी

लोकशाही वाचवण्याची जबाबदारी आपण सहसा विरोधकांवर, न्यायालयांवर आणि पत्रकारांवर टाकतो. ती त्यांची आहेच. पण दोन महायुद्धांच्या मधला युरोप पाहिला, तर निर्णायक ठरतो तो हुकूमशाहीवाद्यांना विचाराने सर्वांत जवळ असलेला सनदशीर पक्ष. त्याचेच मतदार तिकडे वळत असतात आणि युतीचा मोहही त्यालाच पडतो. जर्मनीत नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींची मते घटून ३३ टक्क्यांवर आली होती. तरीही जानेवारीत हिटलर चॅन्सेलर झाला, कारण माजी चॅन्सेलर पापेन आणि इतर परंपरावाद्यांनी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांचे मन वळवले. मंत्रिमंडळात आपले लोक जास्त आहेत, तेव्हा हा माणूस आपल्या मुठीत राहील, असा त्यांचा हिशेब होता.

बेल्जियममध्ये नेमके उलटे घडले. लिऑन देग्रेल हा कॅथलिक चळवळीतूनच पुढे आलेला तरुण. त्याच्या रेक्स पक्षाने १९३६ मध्ये पहिल्याच फटक्यात २१ जागा जिंकल्या आणि त्याची सर्वाधिक झळ कॅथलिक पक्षाला बसली. गेलेली मते परत आणायला देग्रेलशी हातमिळवणी हा सोपा मार्ग होता. कॅथलिक नेतृत्वाने तो नाकारला. एप्रिल १९३७ मध्ये देग्रेलने ब्रसेल्समध्ये मुद्दाम पोटनिवडणूक घडवून आणली, तेव्हा पंतप्रधान व्हान झेलंड स्वतः त्याच्यासमोर उभे राहिले. कॅथलिक, उदारमतवादी, समाजवादी, अगदी कम्युनिस्टही त्यांच्या पाठीशी होते. मतदानाच्या तोंडावर कार्डिनल व्हान रुई यांनी देग्रेलला मत देण्याचा जाहीर निषेध केला. व्हान झेलंड यांना सुमारे ७६ टक्के मते पडली, देग्रेलला १९.

सगळ्यांनी मिळून एकाला कोंडीत पकडणे ही कसली लोकशाही, असा आक्षेप घेतला जातो. पण देग्रेलच्या पक्षावर बंदी नव्हती. कोणाबरोबर सत्तेत बसायचे नाही हे ठरवणे हा कोणत्याही पक्षाचा हक्कच आहे. कायद्याचा बडगा उगारणे मात्र वेगळे, आणि तिथली भीती मला खरी वाटते. फिनलंडने १९३० मध्ये प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी केलेला कायदा मुळात कम्युनिस्टांविरुद्ध होता. दोन वर्षांनी अतिउजव्या लापुआ चळवळीच्या माणसांनी मांत्सालात सशस्त्र बंड केले, तेव्हा तोच कायदा त्यांच्यावर चालवला गेला. तो चालवणारे राष्ट्राध्यक्ष स्विनहुव्हुद हे याच चळवळीच्या पाठिंब्यावर निवडून आले होते! कायदा कोणाच्या हाती आहे यावर सारे अवलंबून असते. आपल्याकडे १९७५ मध्ये आणीबाणी संविधानातल्याच तरतुदीने आली, आणि तिला विरोध करून तुरुंगात गेलेल्यांत चंद्रशेखर आणि पुण्याचे मोहन धारिया हे काँग्रेसचेच खासदार होते. सत्ताधारी बाकांवरून उठलेल्या अशा आवाजाचे मोल विरोधकांच्या शंभर भाषणांपेक्षा जास्त असते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: लोकांचा राग खरा असेल तर नेत्यांच्या एकजुटीने तो शमेल का? नाहीच शमणार. बँका आणि राजकारण्यांच्या साट्यालोट्यावर देग्रेल तुटून पडत असे, त्यात तथ्य होते. खुद्द व्हान झेलंड यांना नॅशनल बँकेच्या पैशांच्या प्रकरणात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजीनामा द्यावा लागला. पण त्यांच्या जागी देग्रेलला आणायला एकही मोठा पक्ष पुढे आला नाही. भ्रष्टाचाराचा जाब संसदेत विचारला गेला, सरकार बदलले, आणि १९३९ च्या निवडणुकीत रेक्सच्या जागा २१ वरून ४ वर आल्या.