'घरचीच' म्हणजे किती तास?

परवा ओळखीचे एक काका ऑफिसात आले. लेक बी.कॉम. झालीय, जर्मनची ए-वन परीक्षाही पास झालीय. एजंट म्हणतोय, "जर्मनीत जॉब पक्का, दीड लाख भरा." कागद बघितला, तर त्यावर 'ओ पेअर'.

म्हटलं, काका, हा जॉब नाही.

ओ पेअर म्हणजे तिकडच्या एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची लहान मुलं सांभाळायची, घरकामाला थोडा हातभार लावायचा आणि भाषा शिकायची. राहणं, जेवण, विमा त्या कुटुंबाकडे. मुक्काम जास्तीत जास्त एक वर्ष. हातात महिन्याला २८० युरो, आणि तोही पगार नव्हे, पॉकेटमनी. युरो शंभर रुपये धरला तर २८ हजार. म्हणजे पोरीनं तिकडे एक पैसाही खर्च केला नाही, तरी एजंटचे दीड लाख फिटायला पाच महिन्यांहून जास्त लागणार!

पोरांनी जाऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही. जरूर जावं. भाषा पक्की होते, जग कळतं. पण तिथले नियम पाठ करून जावं. काम दिवसाला ६ तास, आठवड्याला ३० तास, त्याच्या वर नाही. संध्याकाळी मुलांजवळ थांबणंही त्यातच धरायचं. आठवड्याला दीड दिवस सुट्टी. स्वतंत्र खोली. भाषेच्या क्लाससाठी कुटुंबाकडून महिन्याला ७० युरो. नाहीच जमलं, तर दुसरं कुटुंब शोधता येतं.

हे पाठ का करायचं? कारण "तू तर घरचीच" हे वाक्य फार गोड असतं. आपणही कामाला येणाऱ्या मावशींना तेच म्हणतो आणि त्यांनी सुट्टी मागितली की तोंड वाकडं करतो. घरच्या माणसाचे तास कोण मोजतो? पण 'ओ पेअर' या फ्रेंच शब्दांचा अर्थच 'बरोबरीच्या नात्यानं' असा आहे. मग बरोबरीच्या नात्यात तास मोजायला लाज कसली?

काकांना शेवटी एवढंच सांगितलं. एजंटकडे प्रत्येक पैशाची पावती मागा. त्या कुटुंबाची सही असलेला करार स्वतः बघा. पोरीला त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर दोन-चारदा बोलू द्या. आणि परतीच्या तिकिटाचे पैसे आधी बाजूला काढा. ते पोरीच्या खात्यात ठेवा, एजंटच्या नाही.

तुमच्या गल्लीतही असा कागद आला असेल, तर सही करण्याआधी एकदा नीट वाचा.