शंभर टक्क्यांची उज्ज्वल परंपरा

दहावीचा निकाल लागला की यवतमाळपासून पुसद-वणीपर्यंत चौकाचौकात फलक लागतात : ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा’. पालक ते वाचतात आणि मुलाचे नाव त्या शाळेत घालतात. संस्थाचालक तोच आकडा वार्षिक अहवालात छापतात. निकाल म्हणजे शाळेचा दर्जा, हे समीकरण इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागणे औद्धत्याचे वाटावे. तरीही तो मागणे आवश्यक आहे.

मंडळाचेच आकडे पाहू. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० वर घसरला आणि २०२० साली ९५.३० वर चढला. शाळा त्याच, शिक्षकही बहुतांशी तेच. मग दर्जा एका वर्षात कोसळला आणि पुढच्या वर्षी गगनाला भिडला असे मानायचे काय? २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० अंतर्गत गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला. २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेने केलेले मूल्यमापन यांवर निकाल लागला : ९९.९५ टक्के! जो आकडा परीक्षा न होताच सर्वोच्च ठरतो, तो शाळेविषयी काय सांगणार?

मराठीच्या अध्यापकांना येथे अस्वस्थ वाटले पाहिजे. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याच वर्षी जूनमध्ये तो निकाल आला. त्यानंतरचा आक्रोश प्रामुख्याने ‘इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, आमच्या मुलांनाही द्या’ असा होता. मुलांना आपल्या भाषेत चार परिच्छेद सलग का लिहिता येत नाहीत, हा प्रश्न गुणांच्या त्या गलक्यात विरून गेला.

टक्केवारीचा दुसरा दोष तिच्या छेदात आहे. ती परीक्षेला बसलेल्यांची असते. आठवीतून कापूस वेचायला गेलेली मुलगी त्या छेदात नसते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागातील कोलाम मुलाची घरची भाषा कोलामी. मराठी त्याला शाळेत शिकावी लागते. तो मध्येच गळला तर निकाल खाली येत नाही, उलट वर जातो. कच्च्या मुलाला ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवले की तो खासगी विद्यार्थी होतो आणि शाळेच्या नियमित निकालातून पुसला जातो. अमेरिकेत जे मॅथ्यूज या पत्रकाराने १९९८ पासून ‘न्यूजवीक’मध्ये शाळांची क्रमवारी लावली, ती ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’सारख्या प्रगत परीक्षा किती दिल्या गेल्या, याला त्या वर्षी शाळा पूर्ण करणाऱ्यांच्या संख्येने भागून. त्या मापावरही टीका झाली, आणि ती रास्त होती. परंतु ते माप शाळेला अधिक मुले परीक्षेला बसवण्याचा मोह घालते. आपले माप मुले वगळण्याचा मोह घालते. दोन मोहांमधला हा फरक किरकोळ नव्हे.

यावर कोणी म्हणेल, मग परीक्षाच नको काय? तसे मुळीच नाही. खेड्यातल्या मुलाच्या हाती गुणपत्रिकेवाचून दुसरा दाखला नसतो. म्हणूनच तो खोटा पडू देता कामा नये. २०२५ च्या फेब्रुवारीत दहावीच्या पहिल्याच, म्हणजे मराठीच्या, दिवशी महागाव तालुक्यातून प्रश्नपत्रिका भ्रमणध्वनीवर फिरल्याच्या बातम्या आल्या. मातृभाषेच्या परीक्षेतही गैरमार्ग हवासा वाटतो, यातच ‘अपेक्षित’ पाठ करून घेणाऱ्या अध्यापनाचे खरे मूल्यमापन झालेले आहे.

तेव्हा फलक लावायचाच असेल तर त्यावर तीन आकडे लिहावेत : आठवीत किती मुले होती, त्यांतली किती दहावीला बसली, आणि लेखी परीक्षेचे गुण अंतर्गत गुणांपासून वेगळे काढले तर किती उरतात. चौथी गोष्ट आकड्यात मावणारी नाही. वर्गातल्या कोणत्याही मुलाने न पाहिलेल्या उताऱ्यावर स्वतःच्या शब्दांत लिहिलेले एक पान शाळेने फलकाशेजारी चिकटवावे. ते पान चिकटवण्याचे धैर्य ज्या शाळेत असेल, तिच्या परंपरेला उज्ज्वल म्हणायला आमची हरकत नाही.